फुकटाचे तीनशे

जबलपूरच्या विजय नगरात माणूस फ्लॅट कर्ज काढून घेतो, गाडी हप्त्यावर घेतो, पोरांचं कोचिंग पीएफ मोडून घेतो. ऑफिसचं सॉफ्टवेअर मात्र टाकून घेतो. नवा कॉम्प्युटर बांधून देताना दुकानातला पोरगा मान वर न करता विचारतो, "भैया, ऑफिस भी डाल दें?" आपण म्हणतो, डाल दो. मग वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट येतं. मागोमाग न मागता फोटोशॉप येतं, कोरलड्रॉ येतं आणि कधीकधी कुणा अनोळखी माणसाच्या लग्नाचा अल्बमही येतो, कारण पेनड्राइव्हवर तो होता. पोराच्या हातावर दोनशे रुपये ठेवायचे. हे दोनशे सॉफ्टवेअरचे नव्हेत, टाकण्याच्या मेहनतीचे. चोरीची मजुरी चोख देणं हे आपल्याकडे प्रामाणिकपणात धरलं जातं.

कचनार सिटीच्या ७६ फुटी महादेवापासून दीनदयाल चौकातल्या बसस्टँडपर्यंत हाच रिवाज आहे. मधे अहिंसा चौक लागतो. महाव्रतं पाच असली तरी चौक एकाच व्रताच्या नावाने निघाला. अस्तेय चौक अजून कुणी काढलेला नाही, त्यामुळे व्यवहाराला कुठे अडचण येत नाही.

अशा वस्तीत मी 'यापेक्षा कायदेशीर फुकट घ्या' असं सांगत फिरतो. यात माझा मोठेपणा काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, माझा म्हातारा लॅपटॉप विंडोज ११ घ्यायला तयार होईना, म्हणून मी त्याच्यावर उबंटू ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. तिच्याबरोबर लिब्रेऑफिसही आलं. लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क, भाषणबाजीला इम्प्रेस. पैसा द्यावा लागला नाही, कुणाचा घेतलाही नाही. माणसाला एखादी गोष्ट सुखाने मिळाली की ती चार घरी सांगाविशी वाटते. इथूनच माझे हाल सुरू झाले.

पहिला गेलो तो आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांकडे. काका विद्युत मंडळातून निवृत्त झाले. सारी नोकरी रामपूरच्या शक्ती भवनात लेखा विभागात गेली, त्यामुळे हिशेब म्हटला की त्यांना एक्सेलच लागतं. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात आणि १६,३८४ रकाने. काकांना लागतात अठ्ठेचाळीस ओळी आणि चार रकाने: फ्लॅट नंबर, नाव, रक्कम, शेरा. रकमा भरून झाल्या की काका शर्टाच्या खिशातून कॅल्क्युलेटर काढतात, बेरीज करतात, खालून वर पुन्हा एकदा करतात, आणि आलेलं उत्तर एक्सेलच्या शेवटच्या चौकटीत एका बोटाने टाइप करतात. एक्सेल स्वतः बेरीज करतं हे त्यांना ठाऊक आहे. "करतं रे. पण आपण केलेली ती आपली."

मी म्हटलं, "काका, हेच सगळं लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये होतं."

"ओळी किती?"

"दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर."

"म्हणजे कमी नाहीत."

"एकही नाही."

काकांचा चेहरा निवळला. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "पैसे?"

"फुकट."

चेहरा पुन्हा आवळला. "मग ते लोक खातात काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. जर्मनीत मार्को ब्योरिस नावाच्या पोराने शाळकरी वयातच, १९८५ च्या सुमारास, स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि पुढे तिच्यातून स्टारऑफिस उभं राहिलं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी ७ कोटी ३५ लाख डॉलरला उचलली. का, तर सनच्याच एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, आपल्या ४२ हजार माणसांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. दूध महाग झालं म्हणून म्हैसच दारात आणून बांधावी, त्यातला हा प्रकार. म्हैस आल्यावर सनने २००० साली तिचं दूध सगळ्यांना मोकळं केलं, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ आराखडाच लोकांसमोर उघडा ठेवला. ओपनऑफिस ते हेच. २०१० मध्ये ओरॅकलने सनलाच गिळलं. नव्या मालकाचा भरवसा वाटेना म्हणून २८ सप्टेंबर २०१० ला काम करणाऱ्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. त्या चुलीचं नाव लिब्रेऑफिस. तिचा कारभार बर्लिनची डॉक्युमेंट फाउंडेशन पाहते. देणग्यांवर ती चालते, आणि ज्या कंपन्या मोठमोठ्या कचेऱ्यांना हे सॉफ्टवेअर बसवून देऊन पैसे मिळवतात त्यांची माणसं त्यात कामही करतात. खाण्यापिण्याची सोय अशी आहे.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लेखा विभागातला माणूस ऐकतो शांतपणे आणि शेरा मारतो शेवटी.

"म्हणजे त्यांच्यात भांडण झालेलं आहे."

"तसं म्हणता येईल."

"आणि जुनं घर?"

"ते ओरॅकलने २०११ मध्ये अपाचे फाउंडेशनच्या नावे करून दिलं. ओपनऑफिस नावाची पाटी अजून आहे तिथे, पण कर्ती माणसं बहुतेक नव्या घरी."

"ज्या घरात वाटण्या झाल्यात तिथलं सॉफ्टवेअर मी सोसायटीला घेणार नाही," काका म्हणाले. "उद्या ऑडिटरने विचारलं तर मी कोणत्या भावाचं नाव सांगू?"

गंमत अशी की ज्या एक्सेलमध्ये सोसायटीचे पैसे सुरक्षित होते, त्याच्या माथ्यावर लाल पट्टी झळकत होती. अॅक्टिव्हेशन फसलंय, असं ती कैक महिने ओरडून सांगत होती. ऑडिटरने तिच्याबद्दल कधी विचारलं नाही. त्याच्याही स्क्रीनवर तीच असावी.

मग मी काकांना गूगल शीट्स सुचवलं. म्हटलं, वेगळं काही टाकायचंच नको, फोनमध्ये आहेच. काकांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण गूगलचे फुकटचे १५ जीबी भरले होते. कशाने भरले म्हणून पाहिलं तर शुभ प्रभात. गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, उगवता सूर्य, विठ्ठल, साईबाबा, पुन्हा गुलाबाची फुलं. व्हॉट्सअॅपचा बॅकअप हल्ली त्याच पंधरात मोजला जातो, त्यामुळे सोसायटीचा मेंटेनन्स आत शिरू शकेना. मी म्हटलं, काही फोटो पुसू या. काका एकदम गंभीर झाले. "देवाचे आहेत रे."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं प्रकरण निराळं. त्यांच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि बायोडाटा वर्डमध्ये होता. वर मधोमध गणपतीचं चित्र, खाली श्री गणेशाय नमः, मग नाव, जन्मवेळ, गोत्र, उंची, शिक्षण, मामाचं गाव, आणि सगळ्यात शेवटी अपेक्षा. प्रिंट काढायला म्हणून त्यांनी फाइल माझ्याकडे पाठवली. मी लिब्रेऑफिसमध्ये उघडली. गणपती आपली जागा सोडून घसरत घसरत खाली आला होता आणि थेट अपेक्षांवर बसला होता. 'निर्व्यसनी' एवढा एक शब्द सोंडेच्या बाजूने दिसत होता, बाकी सगळ्या अपेक्षा पोटाखाली.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवालाच मान्य नाही म्हणायचं."

यात देवाचा दोष नव्हता, टंकाचा होता. वर्डची फाइल सहसा आपल्याबरोबर अक्षरं घेऊन फिरत नाही, त्यांची नावं तेवढी घेऊन फिरते. काकूंच्या कॉम्प्युटरवर मराठीला मंगल फॉन्ट होता, इंग्रजीला कॅलिब्री. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या घरचे, त्यामुळे माझ्या उबंटूवर नाहीत. कॅलिब्रीची सोय फुकटवाल्यांनी फार हुशारीने केली आहे: कार्लिटो नावाचा फॉन्ट आहे, त्याचं प्रत्येक अक्षर कॅलिब्रीच्या अक्षराइतकंच रुंद, त्यामुळे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन नावाचे तसेच जुळे फॉन्ट आहेत. पण मंगलच्या जागी जो देवनागरी फॉन्ट बसला, त्याच्या ओळीची उंची वेगळी. प्रत्येक ओळ केसभर सरकली, काना-मात्रा-वेलांट्यांनी आपापली जागा मागून घेतली, आणि मामाच्या गावापर्यंत येताना मजकूर इतका हलला की गणपतीचा पाट सुटला.

मी उपाय सांगितला. "काकू, वर्डमधूनच पीडीएफ करून पाठवा. जगात कुठेही उघडली तरी गणपती हलणार नाही."

"ते नको."

"का?"

"पीडीएफमध्ये उंची बदलता येत नाही ना."

नंतर कळलं की पाच फूट दोन इंच ही मूळ उंची. नागपूरच्या स्थळांना तीन इंच जाते, आणि अमेरिकेच्या एका स्थळाला साडेतीन गेली होती. बायोडाटा हा बदलता दस्तऐवज आहे हे मी तोवर लक्षातच घेतलं नव्हतं. अशा कामाला काकूंच्या मते वर्डच हवं.

खरी कसोटी वकीलसाहेबांकडे होती. जबलपूर हे हायकोर्टाचं गाव. हे हायकोर्ट १९३६ मध्ये नागपुरात सुरू झालं आणि १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाल्यावर मुख्य पीठ इकडे आलं. त्याच्यामागोमाग काळे कोट आले, टायपिस्ट आले, आणि आमच्यासारखी काही मराठी घरंही. वकीलसाहेबांचं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत आहे. भिंतीभर लाल पाठीची पुस्तकं, मधे मॉनिटर. त्या मॉनिटरवरही वर्डची लाल पट्टी झळकायची. बरोबर त्या उंचीला साहेबांनी स्क्रीनवर 'शुभ लाभ'चं स्टिकर चिकटवलं आहे. पक्षकाराला त्यातून श्रद्धा दिसते.

मी त्यांना त्यांच्याच कपाटातल्या पुस्तकाची आठवण करून दिली. प्रताधिकार कायदा १९५७, कलम ६३-ब. संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं. पण साहेब तर त्याच्यावर धंदाच करतात.

वकीलसाहेब हसले. वकील हसला की समजावं, उत्तर त्याच्याकडे अगोदरपासून तयार आहे. "कलमातला 'जाणूनबुजून' हा शब्द वाचा. ते सरकार पक्षाला सिद्ध करावं लागेल. आणि मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, हे साऱ्या बारला माहीत आहे. साक्षीदार म्हणाल तितके उभे करतो."

मग मी हुकमाचं पान काढलं. "साहेब, तुम्ही जिल्हा न्यायालयात ज्यांच्यासमोर उभे राहता, त्यांच्या लॅपटॉपवर काय असतं माहीत आहे?"

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरातल्या न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर धरलं आहे. न्यायाधीशांना उबंटू शिकवलं जातं, त्यासाठी शिबिरं होतात, आणि त्या उबंटूबरोबर लिब्रेऑफिसही असतं. तारखा, प्रकरणं, आदेश ज्यात नोंदवले जातात ती केस इन्फर्मेशन सिस्टीमही मुक्त साधनांवर उभी आहे, आणि ती केली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुण्याच्या लोकांनी. म्हणजे पुण्याची एक वस्तू अख्खा भारत तक्रार न करता वापरतो, आणि पुणेकर त्याबद्दल बोलत नाहीत. दोन्ही गोष्टी अघटित आहेत, पण खऱ्या आहेत.

"म्हणजे अर्ज चोरीच्या सॉफ्टवेअरवर आणि हुकूम फुकटच्या," साहेब पुटपुटले. क्षणभर त्यांना ते लागलेलं दिसलं. मग त्यांनी टायपिस्टला हाक मारली. "बड्डे, ये नया वाला देखो जरा."

टायपिस्ट म्हणजे या ऑफिसचा कणा. जुन्या रेमिंग्टनवर हात बसलेला माणूस. बोटं आधी चालतात, साहेब मागून बोलतात. त्याने आपली एक तयार फाइल माझ्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये उघडली आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला. पक्षकाराच्या पत्त्यात जिथे 'विजय नगर' होतं तिथे इंग्रजी एफ, ओ, टी आणि एक अर्धविराम; पुढे यू, एक्स, जे. जबलपुरच्या जागी टी, सी, वाय, आय, क्यू, जे. बावीस पानी दावा असा. साहेबांनी चष्मा वर केला. "फुकटवाल्याने हिंदी खाल्ली?"

खाल्ली नव्हती, ती तिथे कधी नव्हतीच. हा कृतिदेवचा खेळ. कृतिदेव हा अख्ख्या मध्य प्रदेशाचा राष्ट्रीय फॉन्ट. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत असता. एफच्या जागी वेलांटीचं, टीच्या जागी ज चं चित्र दिसतं इतकंच. फॉन्ट काढला की चित्रं उडतात आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. कृतिदेवचा फॉन्ट टाकला तर लिब्रेऑफिसमध्येही तो दावा जसाच्या तसा दिसतो, आणि मी तो टाकूनही दाखवला. युनिकोडमध्ये लिहिलं तर ही भानगडच नाही. मध्य प्रदेश सरकारच्या सीपीसीटी परीक्षेतही हिंदी टायपिंग आता युनिकोडमध्येच घेतात, आणि रेमिंग्टनवर हात बसलेल्यांसाठी रेमिंग्टन गेलचा कळफलक ठेवलेला आहे. टायपिस्टने सगळं ऐकलं आणि फक्त एवढं विचारलं, "पुरानी फाइलें कौन बदलेगा?" खोलीतल्या कपाटांकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं. विषय तिथेच मिटला.

तुम्ही म्हणाल, सरकारनेच पुढाकार घ्यायला हवा. सरकारने घेतला की. २०१५ साली भारत सरकारने मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं रीतसर धोरण जाहीर केलं. त्याच सरकारच्या आयकर खात्याने विवरणपत्र भरायला जी एक्सेलची फाइल दिली, तिच्या पोटात असे मॅक्रो होते की मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलबाहेर ती हलेना. म्हणजे धोरण वाचून ज्याने एक्सेल काढून टाकलं, त्याला ती फाइल भरायला पुन्हा एक्सेल टाकून घ्यावं लागलं. प्रामाणिकपणे कर भरता यावा म्हणून चोरीचं सॉफ्टवेअर! आमच्या गल्लीतल्या कर-सल्लागाराला यात विसंगती दिसत नाही. तो म्हणतो, दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत आहेत.

मग आलं स्वदेशी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केलं की आपली कागदपत्रं, तक्ते आणि सादरीकरणं आता झोहोवर. १९९६ मध्ये श्रीधर वेंबू आणि त्यांच्या साथीदारांनी वेगळ्या नावाने सुरू केलेली ही कंपनी, तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यातून तिची काही माणसं काम करतात, आणि एकट्यादुकट्याला तिचं रायटर आणि शीट फुकट वापरता येतं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, मी वापरून पाहिलं. विजय नगरच्या व्हॉट्सअॅप गटांत त्या आठवड्यात नुसता जोश होता. 'विदेशी छोडो, स्वदेशी अपनाओ' असं तिरंगी पोस्टर फिरलं. ज्यांनी ते केलं त्यांना मी विचारलं, कशात केलंत? "पॉवरपॉइंटमध्ये," ते म्हणाले, "त्यात तिरंगा छान भरता येतो." पॉवरपॉइंट कुठून आणलं हे विचारण्याची गरज नव्हती. विदेशी मालाला एक पैसा न देता तो वापरणं, हा बहिष्काराचाच एक प्रकार आहे अशी त्यांची समजूत असावी.

या सगळ्यात हरतो कोण, तर बिल गेट्स नव्हे. त्यांनी १९७६ मध्ये छंदिष्ट मंडळींना उघडं पत्र लिहून, तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असं तक्रारीच्या सुरात सुनावलं होतं, ते तरुण होते तेव्हा. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना त्यांचा सूर बदलला होता: लोक चोरणारच असतील तर आमचं चोरावं, सवय लागेल, आणि पैसे कसे गोळा करायचे ते पुढच्या दहा वर्षांत पाहू, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. केवढा दूरदर्शी माणूस! वाण्याकडे उधारी मांडावी तसं नव्हे, उधारीचं नावच न काढता गिऱ्हाईक बांधून ठेवलं. म्हणून विजय नगरात फुकटच्या सॉफ्टवेअरची लढत महागड्या सॉफ्टवेअरशी कधी झालीच नाही. महागडं इथे दोनशेला पडतं. लढत होती ती एका फुकटाची दुसऱ्या फुकटाशी, आणि त्यात आपलं माणूस सराईतपणे हिशेब करतं: चोरून आणलेल्या वस्तूची बाजारात काही हजार किंमत आहे, म्हणजे आपला तेवढा फायदा झाला. जी वस्तू सगळ्यांनाच फुकट, तिच्यात फायदा कुणाच्या पुढ्यातला काढायचा?

हे मला उशिरा कळलं. तळमजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला आधीच कळलं होतं.

पोरगा माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाचं पीजीडीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदविका, झालेला. मध्य प्रदेशात गल्लोगल्ली या विद्यापीठाचं केंद्र असतं, आणि पदरात पीजीडीसीए नसलेला पदवीधर शोधावा लागतो. हा सीपीसीटीची तयारी करत घरी बसला होता. खजिनदार काकांकडचा, काकूंकडचा आणि वकीलसाहेबांकडचा माझा पराभव त्याने जवळून पाहिला होता. एका रविवारी त्याने लिफ्टशेजारी कागद लावला: 'ओरिजिनल ऑफिस. लाइफटाइम. नो की, नो क्रॅक, नो व्हायरस. फक्त रु. ३००.'

मी त्याला गाठलं. "अरे, हे काय विकतोयस?"

"लिब्रेऑफिस."

"ते फुकट आहे ना?"

"काका, कागदावर एक शब्द खोटा दाखवा."

मी पुन्हा वाचलं. ओरिजिनल आहे. लाइफटाइम आहे. की लागत नाही. परवान्यातही पैसे घेऊ नका असं कुठे लिहिलेलं नाही. अॅपलच्या अॅप स्टोअरवर दस्तुरखुद्द फाउंडेशननेच लिब्रेऑफिसला थोडेसे पैसे लावले होते. मला मुकाट्याने मान हलवावी लागली.

पोरगा नुसता टाकून देत नव्हता, संसार लावून देत होता. पर्यायांत जाऊन फाइल कायम डॉकएक्स म्हणूनच साठेल अशी सोय करायची, म्हणजे समोरच्याला कळणारच नाही. वरचा मेनू टॅबवाला करायचा, की झाला वर्डच्या तोंडवळ्याचा. मंगलच्या मापाला जवळचा फॉन्ट निवडून द्यायचा. चित्र कागदाला नव्हे तर ओळीला बांधायचं, म्हणजे गणपती सुटत नाही. ही शेवटची युक्ती त्याने काकूंचा बायोडाटा डोळ्यांसमोर ठेवून काढली होती. वकीलसाहेबांच्या टायपिस्टला त्याने कृतिदेव तसाच ठेवून दिला आणि नव्या दाव्यांपुरतं रेमिंग्टन गेल लावून दिलं. जुन्या फाइलींचं नाव त्याने काढलं नाही. मी काढलं होतं, तिथेच मी चुकलो असं त्याचं म्हणणं. त्याला व्यवहार जास्त कळतो, हे मला मान्य करायला हवं.

पहिलं गिऱ्हाईक खजिनदार काका. "दोनशेवाल्यापेक्षा जास्त घेतोय, म्हणजे माल चांगला असणार," ते मला जिन्यात म्हणाले. "तुझं ते फुकटचं होतं ना, त्यात दम नव्हता." मग साहेबांनी घेतलं, पक्की पावती मागून घेतली, आणि त्या दिवशी शुभ लाभचं स्टिकर काढलं, काढताना स्क्रीनवर डिंकाचा एक चौकोन राहिला तो राहिलाच. पोस्टरवाल्यांनी घेतलं, फक्त 'हे स्वदेशी आहे ना' एवढं विचारून. पोरगा म्हणाला, "टाकणारा तर विजय नगरचाच आहे." तेही खोटं नव्हतं.

काकू शेवटी आल्या. हातात पिशवी, चपला अर्ध्या पायात. "तीनशे? वरच्या खजिनदारांना अडीचशेत दिलंस म्हणे."

"काकू, त्यांच्या स्क्रीनवर प्रेझेंटेशनचं चिन्ह ठेवलेलं नाही."

"त्यांना नाही?"

"नाही. त्यांचं साधं आहे."

काकूंनी दोन क्षण विचार केला, पिशवीतलं पाकीट काढलं आणि शंभराच्या तीन नोटा मोजून दिल्या. "मला ते प्रेझेंटेशनवालं दे. आणि खजिनदारांना सांगू नकोस, उद्या तेही मागतील."